रॅगिंग : सांभाळायचे कोणी?

बारावीचे निकाल लागले की आमच्या सोनईतून दरवर्षी पोरं-पोरी बाहेर पडतात. कोणी नगरला, कोणी पुण्याला, कोणी थेट मुंबईला. गावात महाविद्यालय आहे, पण डॉक्टर व्हायचे तर हॉस्टेल गाठावेच लागते. घरचे लोक फी, मेस, गादी, बादली सगळ्याची चौकशी करतात. रॅगिंगचा विषय निघाला की मात्र "जरा सांभाळून राहा रे" एवढेच सांगतात. म्हणजे सांभाळायचे ते त्या अठरा वर्षांच्या पोराने! कायदा नेमके याच्या उलट सांगतो. तो कायदा कसा आला, ते आज थोडे सांगावेसे वाटते.

रॅगिंगला आपल्याकडे बरीच वर्षे 'गंमत' म्हणत. सीनियरांनी थोडे छळले की पोरगं धीट होते, असा समज होता. नोव्हेंबर १९९६ मध्ये तामिळनाडूतल्या अण्णामलै विद्यापीठात पोन नवरसू या पहिल्या वर्षाच्या वैद्यकीय विद्यार्थ्याचा एका सीनियरने खून केला. नवरसूचे वडील मद्रास विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले. कुलगुरूंच्या मुलाची ही गत, तर शेतकऱ्याच्या पोराचे काय? तामिळनाडूने १९९७ साली रॅगिंगविरुद्ध कायदा केला आणि १९९९ साली आपल्या महाराष्ट्राने.

आपल्या कायद्यात दोषी विद्यार्थ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. शिवाय कॉलेजातून काढून टाकतात आणि पाच वर्षे दुसरीकडे कुठेही प्रवेश मिळत नाही. एवढे बऱ्याच जणांना ठाऊक असते. खरी महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची. प्रथमदर्शनी तथ्य दिसले तर त्या विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलीस ठाण्यात पाठवायची. आणि प्रमुखाने यात कुचराई केली, तर त्याने गुन्ह्याला चिथावणी दिली असे धरायचे. म्हणजे प्राचार्यांचे गप्प बसणे हाही गुन्हाच!

जन्मभर शाळेत शिकवलेल्या माणसाला हे चटकन पटते. कुठल्या वर्गात कोण कोणाला छळतो, हे शाळेत शिपायापासून सगळ्यांना कळते. प्रश्न कळण्याचा नसतोच, मनावर घेण्याचा असतो.

पुढे २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी सूचना दिल्या. २००७ मध्ये राघवन समितीचा अहवाल आला. तरीही मार्च २००९ मध्ये हिमाचलातल्या टांडा इथे अमन काचरू हा वैद्यकीय विद्यार्थी सीनियरांच्या मारहाणीनंतर गेला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम आले : प्रत्येक कॉलेजात रॅगिंगविरोधी समिती, रात्री-अपरात्री हॉस्टेलवर जाणारे पथक, विद्यार्थी आणि पालक दोघांचे प्रतिज्ञापत्र. २०१६ साली व्याख्या वाढवली. जात, भाषा, राहण्याचे ठिकाण, गरिबी यांवरून छळणे हेही रॅगिंग, आणि ते फक्त नवख्यांचेच नव्हे, कोणत्याही विद्यार्थ्याचे. खेड्यातल्या पोराच्या बोलण्याची टिंगलही यात बसते.

नियमांची कमतरता राहिली नव्हती. तरी २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवीने आत्महत्या केली. जळगावकडची, आदिवासी तडवी समाजातली लेक. जातीवरून छळ केल्याच्या आरोपावरून तीन सीनियर डॉक्टरांना अटक झाली. आपण आधीच तक्रार केली होती, असे तिच्या घरच्यांचे म्हणणे आहे. खऱ्या-खोट्याचा निवाडा न्यायालयाचा. पण हॉस्टेलात पाठवलेल्या लेकीच्या आईचे म्हणणे कोणी आणि किती दिवसांत ऐकायचे, हे आपल्या राज्यात वीस वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेले होते.

आपल्या महाराष्ट्राला हॉस्टेल काही नवे नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढले. सगळ्या जातींची मुले तिथे एकत्र राहिली, एकत्र जेवली. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा दिले. दुसऱ्यांची लेकरे आपल्या छपराखाली आली की ती आपली जबाबदारी, हे त्यांना कोणत्या कलमाने शिकवले नव्हते. कायद्याने पुढे जे सक्तीने सांगितले, ते त्या माउलीने आपणहून केले.

तेव्हा मंडळी, यंदा मुलांना सोडायला जाल तेव्हा गादी-बादलीबरोबर आणखी तीन गोष्टी विचारा. समितीत कोण आहे? वॉर्डन रात्री हॉस्टेलवर असतात का? तक्रार लेखी घेऊन पोच देतात का? १८००-१८०-५५२२ हा मदतीचा क्रमांक पोरांच्या मोबाईलमध्ये आणि तुमच्याही असू द्या. आणि सुट्टीत घरी आलेले पोरगं गप्प गप्प वाटले, तर "होतं असं सुरुवातीला" म्हणून विषय बदलू नका. त्याच्याजवळ बसा, त्याचे ऐकून घ्या.