पाण्याबाहेर आल्यानंतरचे काही तास

मे महिन्यात आजोळी आलेली मुले नदीवर, बंधाऱ्यावर किंवा किनाऱ्यावर पोहायला जातात. एखादे मूल गटांगळ्या खाते, बाहेर काढल्यावर खोकते, रडते आणि शांत होते. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. बहुतेक वेळा तेथेच विषय संपतो. परंतु पाण्याचा अंश फुप्फुसांत उतरला असल्यास त्रास पुढील काही तासांत वाढू शकतो.

यालाच ‘ड्राय ड्राउनिंग’ किंवा ‘सेकंडरी ड्राउनिंग’ म्हणण्याची प्रथा समाजमाध्यमांनी रूढ केली. वैद्यकशास्त्राने मात्र ही नावे बाजूला ठेवली आहेत. २००२ साली ॲमस्टरडॅम येथे झालेल्या जागतिक परिषदेने, पाण्यामुळे श्वसनात अडथळा येण्याची प्रक्रिया म्हणजे बुडणे, अशी व्याख्या केली. मग माणूस वाचो वा न वाचो. आठवडाभर हसतखेळत असलेले मूल जुन्या पोहण्यामुळे अचानक दगावते, ही भीती त्यामुळे अनाठायी ठरते. धोका असल्यास त्याची चिन्हे पाण्याबाहेर येताच किंवा साधारणपणे आठ तासांच्या आत दिसू लागतात.

फुप्फुसांतील सूक्ष्म वायुकोशांना मिटू न देणारा एक पातळ थर असतो. पाणी तो बिघडवते, वायुकोश मिटतात, त्यांत द्रव साचतो आणि रक्ताला प्राणवायू कमी पडतो. त्यासाठी फार पाणी लागत नाही. शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे १ ते ३ मिलिलिटर पुरते. २० किलोच्या मुलाच्या बाबतीत हे प्रमाण चहाच्या छोट्या पेल्याहूनही कमी भरते. पाणी खारे की गोडे, याने फारसा फरक पडत नाही.

न थांबणारा खोकला, जलद श्वास, श्वास घेताना बरगड्यांमधील त्वचा आत ओढली जाणे, तोंडाला फेस, उलट्या, निळसर ओठ ही लक्षणे ओळखावीत. सर्वांत फसवे लक्षण ग्लानीचे. ‘दमले असेल, झोपू दे’ असे म्हणून दुर्लक्ष होते ते याच वेळी. यांपैकी काहीही आढळल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मूल पाण्यात बेशुद्ध पडले असेल, तर नंतर ते कितीही ठणठणीत दिसले तरी रुग्णालयात तपासणी आवश्यकच.

लहान मुलासोबतचा मोठा माणूस हात पोचेल इतक्या अंतरावर असावा. काठावर मोबाइल पाहत बसणे म्हणजे लक्ष ठेवणे नव्हे. पाण्याखाली श्वास रोखण्याच्या पैजा मुलांना लावू देऊ नयेत.

बुडालेल्याला उलटे टांगणे किंवा पोट दाबून पाणी काढणे आजही सर्रास चालते. त्याने उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाते आणि मोलाचा वेळ वाया जातो. श्वास थांबला असल्यास प्रथम तोंडाने श्वास द्यावा, नंतर छाती दाबावी आणि मदत येईपर्यंत हा क्रम चालू ठेवावा.