लंडनची हिवाळी संत्री

एकोणिसाव्या शतकात लंडनच्या हिवाळ्यात विकली जाणारी बरीच संत्री अझोर्स बेटांवरून, विशेषतः साओ मिगेलहून येत. नोव्हेंबरपासून वसंतापर्यंतचा हा हंगाम. मक्याच्या कणसाच्या पातींत गुंडाळलेले फळ पेट्यांत भरून चपळ शिडाच्या जहाजांतून निघे. वारा पडला की माल वाटेतच सडे. म्हणून ही जहाजे वेगासाठीच बांधली जात. त्यांच्या शर्यतींमागे शौर्य कमी, भावाची धास्ती अधिक.

पुढे बागांना रोग लागला. विदर्भातील संत्रा बागायतदार ज्याला डिंक्या म्हणतात, तशाच प्रकारचा. बागा उजाडल्या आणि बेटावर काचघरांतील अननस आला. धुरी दिल्यास अननसाला एकाच वेळी फुलोरा येतो, हे तिथल्या उत्पादकांना उमगले. आता काढणीची वेळ बाजार पाहून ठरवता येऊ लागली.