होट्टलची उत्तरेकडची भिंत आणि आपल्याकडे नसलेले फोटो

मंडळी, आज जरा लांब लिहितोय. सवड काढून वाचा.

आपल्या नांदेड जिल्ह्यात, देगलूर तालुक्यात होट्टल नावाचं गाव आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात हे मोठं ठिकाण होतं. आज तिथे सिद्धेश्वराचं मंदिर आहे, बाहेरच्या भिंतीवर देवदेवता आणि सुरसुंदरी आहेत, शिलालेख आहेत. आपल्याकडचे बरेच लोक तिरुपतीला चार-पाच वेळा जाऊन आलेले असतात, होट्टलला एकदाही नाही. ते असो. गावात कुणालाही विचारा, "हे देऊळ कुठलं?" उत्तर येतं, "हेमाडपंती." हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. होट्टलचं शिल्प त्याच्या आधीचं, अकराव्या-बाराव्या शतकातलं. म्हणजे ज्याचं नाव आपण देतो तो जन्मायच्या कितीतरी आधी हे दगड उभे राहिले होते. पण चुना न वापरता दगडावर दगड रचलेलं काहीही दिसलं की आपल्याकडे ते हेमाडपंती. सवयच लागलीय.

आता जरा जगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. ज्या शतकात होट्टलला पाथरवटांच्या छिन्न्या चालत होत्या, त्याच सुमाराला अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या कोरड्या वाळवंटात, चाको नावाच्या दरीत, प्वेब्लो लोकांचे पूर्वज दगडाची प्रचंड घरं बांधत होते. त्यातल्या सगळ्यात मोठ्या 'प्वेब्लो बोनितो'त सहाशेच्या वर खोल्या होत्या. जमिनीत उतरणाऱ्या गोल खोल्यांना ते 'किवा' म्हणतात. धार्मिक विधी तिथे व्हायचे. पाऊस कमी, झाड दिसत नाही, लाकूड लांबून डोक्या-खांद्यावर आणलेलं. आपल्या निलंगा-औशाकडच्या माणसाला तो फोटो दाखवला तर पहिला प्रश्न येईल, "पाणी कुठून आणत होते?" २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलेल्या जिल्ह्याला हा प्रश्न आधी सुचणारच.

चाकोची एक गोष्ट मला फार आवडते. १८७७ मध्ये विल्यम हेन्री जॅक्सन हा त्या काळचा नावाजलेला फोटोग्राफर तिथे पोचला. तोवर फोटो काचेच्या ओल्या प्लेटवर घ्यायचे. काच, रसायनं, अंधाराचा तंबू, सगळं खेचरावर लादून न्यावं लागायचं. जॅक्सनने या वेळी नवीन निघालेली कोरडी फिल्म नेली. हलकी, सोयीची. दिवसेंदिवस फिरून फोटो काढले. परत आल्यावर धुतले तर एकही आला नाही. एकसुद्धा! राहिलं काय, तर त्याने हाताने काढलेले नकाशे, मोजमापं आणि वर्णन. आज त्याच्या त्या फेरीची किंमत आहे ती या कागदांमुळे.

हे सांगायचं कारण असं की त्याच्या दोनच वर्षं आधी आपल्याकडेही असाच एक माणूस फिरत होता. जेम्स बर्जेस, पश्चिम भारताच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाचा प्रमुख. १८७५-७६ च्या हंगामात तो निजामाच्या मुलखात आला आणि १८७८ मध्ये बिदर आणि औरंगाबाद जिल्ह्यांतल्या पुरातन वास्तूंवरचा त्याचा अहवाल छापला गेला. त्यात आपली खरोसा लेणी आहेत, औसा तालुक्यातली. त्याने नाव लिहिलंय 'करुसा'. आपल्या भागातल्या लेण्यांची पद्धतशीर नोंद म्हणून आजही अभ्यासकांना तिथूनच सुरुवात करावी लागते.

खरोसा ही बेसाल्टमधली लेणी नव्हेत, हे लक्षात ठेवा. ती जांभ्यात कोरलीत. अजिंठा-वेरूळचा काळा दगड शतकानुशतकं धार टिकवतो. जांभा भोकाभोकांचा, ठिसूळ. पाऊस मुरतो, कण सुटतात. तिथले नरसिंह, शिव-पार्वती, कार्तिकेय, रावण हे सगळे सहाव्या-सातव्या शतकापासून हळूहळू विरघळताहेत म्हटलं तरी चालेल. आज ज्या मूर्तीचा हात ओळखू येतो तो आणखी पन्नास वर्षांनी ओळखू येईलच असं नाही. इथे फोटो ही हौस राहत नाही. तो त्या मूर्तीच्या तब्येतीचा कागद आहे. दर पाच वर्षांनी त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून, त्याच महिन्यात एक फोटो काढला, तर झीज किती झाली ते दिसतं. असं सातत्याने काढणारा माणूस मात्र हवा.

मग निजामाच्या राज्यात फोटोग्राफर नव्हते का? होते की. राजा दीनदयाळ यांच्यासारखा कलावंत सहाव्या निजामाच्या दरबारी होता. पण दरबारी कॅमेरा म्हणजे दरबार, शिकार, महाल, पाहुणे. १९०० मध्ये हेन्री कझेन्स याने निजामाच्या राज्यातल्या पुरातन अवशेषांची यादी केली. १९१४ मध्ये हैदराबाद संस्थानाचं स्वतःचं पुरातत्त्व खातं निघालं, गुलाम यझदानी त्याचे प्रमुख झाले. यझदानींनी अजिंठ्यावर जे काम केलं ते जगात नावाजलं गेलं. रंगीत छायाचित्रांचे त्यांचे ग्रंथ १९३० पासून पुढे पंचवीस वर्षं निघत राहिले. ते व्हायलाच हवं होतं. कारण त्याआधी अजिंठ्याच्या चित्रांवरून हाताने काढलेल्या नकला दोनदा आगीत सापडल्या होत्या. मेजर रॉबर्ट गिलने १८४४ पासून वर्षानुवर्षं लेण्यात बसून केलेल्या नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या, अगदी थोड्या वाचल्या. नंतर ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा काढल्या, त्यातल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या.

पण सगळं लक्ष अजिंठा-वेरूळला गेलं. होट्टल, निलंगा, कंधार, माहूर हे मागे राहिले. पुढे १९४८ ला संस्थान भारतात आलं, १९५६ ला मराठवाडा हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात गेला. माणसं इकडे आली, जुने कागद बरेचसे तिकडे राहिले. आज आपल्या तालुक्याचा जुना फोटो शोधायचा तर कधी हैदराबाद, कधी लंडनची ब्रिटिश लायब्ररी. नांदेडच्या माणसाला नांदेड पाहायला लंडनला जावं लागतं, काय म्हणायचं याला!

तरी आपल्या माणसांनी काम केलंय, हेही सांगायला हवं. १९६८ मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या शिलालेखांचा संग्रह रित्ती आणि शेळके या अभ्यासकांनी प्रसिद्ध केला. मूर्तिशास्त्रातलं मोठं नाव गो. बं. देगलूरकर. आडनावातच देगलूर आहे. मराठवाड्याच्या मंदिरांवर त्यांनी आयुष्य घातलं. हातात आरसा असेल तर ती दर्पणा, पत्र लिहीत असेल तर पत्रलेखा, कडेवर मूल असेल तर पुत्रवल्लभा, अंग मोडून आळस देत असेल तर अलसा. म्हणजे सुरसुंदरीची सगळी ओळख बोटभर तपशिलात असते. आणि आपण काय करतो? जीर्णोद्धार म्हणून त्यावर ऑइलपेंटचे तीन हात मारतो. आरसा गेला, पत्र गेलं, मूल गेलं. उरली एक पिवळी बाई. हे कुणा एका गावाचं नाही, दोन्ही जिल्ह्यांत फिरा, दिसेल. गाभाऱ्याला बाथरूमच्या फरशा, सभामंडपाला ग्रॅनाइट, यंत्राने घासून 'चकाचक' केलेले खांब. लोकांची श्रद्धा खरी आहे, पैसेही वर्गणीचे, पोटाला चिमटा काढून दिलेले. म्हणून रागवायचंही कुणावर? माझं म्हणणं एवढंच, ब्रश लावायच्या आधी फोटो काढा. चारही बाजूंनी, प्रत्येक मूर्तीचा. त्याला वर्गणी लागत नाही.

राज्य पुरातत्त्व विभागाने होट्टलला जतनाचं काम केलंय, होट्टल महोत्सवही भरू लागला. चांगलंच आहे. पडकं देऊळ उतरवून पुन्हा रचायचं तर प्रत्येक दगडाला नंबर आणि प्रत्येक थराचा फोटो लागतो. फोटो नसेल तर कोणता दगड कुठला, हे अंदाजाने ठरतं.

चोरीचा मुद्दा वेगळाच. तमिळनाडूतल्या श्रीपुरंदन गावच्या देवळातला नटराज चोरीला गेला आणि ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात जाऊन बसला. त्यांनी तो २००८ मध्ये पन्नास लाख डॉलरच्या वर मोजून घेतला होता. आपला कसा सिद्ध करणार? पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने दक्षिणेतल्या देवळांचे फोटो काढून ठेवले होते, त्यात हाच नटराज त्याच देवळात उभा असलेला १९९४ चा फोटो निघाला. २०१४ मध्ये मूर्ती परत आली. आता आपल्या शिवारात, बांधावर, पिंपळाच्या पारावर किती मूर्ती उघड्या पडल्यात ते आठवा. उद्या एखादी उचलली गेली तर पोलीस ठाण्यात काय सांगणार? "काळी होती, दोन फुटांची होती"?

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्याला कुणी आठवून द्यायला नको. बावन्न गावं जमीनदोस्त झाली. माणसं गेली, त्यापुढे दगडाचं दुःख काय करायचं. पण त्या गावांतल्या वेशी, बारवा, मारुतीचे पार, माळवदाचे वाडे कसे होते हे आज तिथल्या तिशीतल्या पोराला दाखवायचं म्हटलं तर किती घरांत फोटो निघेल?

आता ज्यांच्या हातात मोबाइल आहे त्यांच्यासाठी कामाचं. आपला बेसाल्ट काळा आणि आपलं आभाळ पांढरं. मोबाइल आभाळ पाहून फोटो घेतो आणि मूर्ती डांबरासारखी येते. स्क्रीनवर मूर्तीवर बोट ठेवा, उजेड वाढवा, आभाळ जळालं तर जळू द्या. भर दुपारी समोरून काढू नका, शिल्प सपाट दिसतं. ऊन भिंतीला घासून आलं पाहिजे. पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या भिंतीला ते रोज कधी ना कधी मिळतं, दक्षिणेच्या भिंतीला हिवाळाभर मिळतं. पंचाईत उत्तरेच्या भिंतीची. तिला थंडीत सूर्य दिसतच नाही, आणि आपण सगळे फिरायला थंडीतच जातो. म्हणून होट्टल असो की निलंग्याचं हरनीळकंठेश्वर, उत्तरेकडचे चांगले फोटो कमी दिसतात. मे महिन्यात जा. आपल्या अक्षांशावर मेच्या मध्याला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली नाहीशी होते. त्या दिवसांत तो पूर्वेच्या बराच उत्तरेला उगवतो. सकाळी सात-आठच्या सुमाराला तिरकं ऊन उत्तरेच्या भिंतीवरून सरकतं आणि इतके महिने अंधारात असलेली बांगडीसुद्धा वर उठून दिसते. पाण्याची बाटली आणि टोपी मात्र घ्या.

शिलालेखाला खडू, पीठ, तेल काही लावू नका. रात्री बाजूने टॉर्च धरा, अक्षरं आपोआप उभी राहतात. फोटोत मोजपट्टी ठेवा. कंधारला क्षेत्रपालाच्या महाकाय मूर्तीचे अवशेष आहेत. माणूस किंवा पट्टी शेजारी नसेल तर फोटोत ते एखाद्या हातभर मूर्तीचे तुकडे वाटतात.

आणि एक गोष्ट न काढण्याबद्दल. चाकोच्या त्याच दरीत फहादा नावाच्या सुळक्यावर दगडात कोरलेलं एक चक्र आहे. उन्हाळ्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी दुपारी तीन शिळांच्या फटीतून उन्हाची एक कट्यार बरोबर चक्राच्या मधोमध पडायची. १९७७ मध्ये ॲना सोफेर या बाईंनी हे टिपलं. बातमी पसरली, पाहणाऱ्यांची रीघ लागली, पायांखालची माती सरकली, शिळा हलल्या. १९८९ मध्ये लक्षात आलं की कट्यार आता जागेवर पडत नाही. सुळका लोकांसाठी बंद आहे. प्वेब्लो लोकांचे आजचे वंशज, होपी लोक, आपल्या गावांत कॅमेरा तर सोडाच, चित्रसुद्धा काढू देत नाहीत. विधी आमचा, तुमच्या अल्बमसाठी नाही, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे पुजारी गाभाऱ्यात फोटो नको म्हणाले तर हुज्जत घालू नका. बाहेरची भिंत सगळी तुमचीच आहे. लेण्यात मूर्तीच्या मांडीवर चढून सेल्फी काढणाऱ्यांना मात्र जरूर खाली उतरवा.

शेवटी एक विनंती. जत्रेतले, जावळाचे, लग्नानंतर देवदर्शनाला गेल्याचे जुने फोटो प्रत्येक घरात असतात. समोर आजी-आजोबा ताठ उभे, आणि मागे देऊळ, रंग लागायच्या आधीचं. असे फोटो पेटीतून काढा. मागच्या बाजूला पेन्सिलीने, शाईने नको, गावाचं नाव, अंदाजे साल आणि देवळाची कोणती बाजू ते लिहा. घरात ऐंशीच्या पुढचं माणूस असेल तर साल त्यांना विचारा, त्यांना ते कोणत्या दुष्काळाच्या आधीचं की नंतरचं ते नक्की आठवतं. मग सपाट उजेडात त्याचा फोटो काढून माझ्याकडे पाठवा. तालुक्यानुसार लावून ठेवतोय. औसा, देगलूर आणि कंधारपासून सुरुवात करू.