कोंबडीचा पाय की कुत्र्याचा दात? : लोकरी वस्त्रांच्या नावांचा प्रवास

अंधेरी, बोरीवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांत स्थिरावलेल्या अनेक जैन कुटुंबांच्या उपजीविकेचा धागा कापडाशी जोडलेला आहे. सकाळच्या लोकलने काळबादेवी गाठावी, मुळजी जेठा मार्केट अथवा मंगलदास मार्केटमधील पेढीवर गादीवर बसून ताके मोजावेत आणि रात्री उपनगरात परतावे, हा क्रम पिढ्यान् पिढ्या चालत आला. मुलुंडला लागूनच असलेल्या ठाण्यात १९२५ साली रेमंड वूलन मिल उभी राहिली. १९४४ मध्ये ती सिंघानिया कुटुंबाकडे आली. १९५८ साली बॅलार्ड इस्टेटमध्ये रेमंडचे पहिले दालन उघडले. ठाण्याची गिरणी आज बंद असली, तरी गरम कापडाच्या नमुना-पुस्तिकांतील विलायती नावे या परिसराच्या कानांवरून गेलेली आहेत. ती नावे आली कोठून, हा प्रश्न मात्र व्यापाराच्या धावपळीत क्वचितच कोणी विचारला.

लोकरी चौकड्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध चौकडा घ्यावा. ताण्यात चार गडद व चार फिके धागे, बाण्यातही तसेच, आणि दोन-वर-दोन ट्विलची वीण. एवढ्यातून टोके फुटलेली तुटक चौकट उमटते. फ्रेंच विणकराला त्यात कोंबडीच्या पावलाचा ठसा दिसला. त्याने नाव ठेवले ‘पिए-द-पूल’. नक्षी मोठी असेल तर तोच पाय कोंबड्याचा होतो : ‘पिए-द-कॉक’. इंग्रजाला तीच आकृती शिकारी कुत्र्याच्या दातासारखी भासली. तो म्हणाला ‘हाउंडस्टूथ’, आणि बारीक नक्षीला पिल्लाचा दात, ‘पपीटूथ’. येथे शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करणारा फसलाच म्हणून समजावे. ‘हेन्स फूट’ असे लिहून पाठविलेली मागणी इंग्लंडच्या कोणत्याही गिरणीला उमजणार नाही. भाषांतर शब्दाचे नव्हे, विणीचे करावे लागते.

सर्व जोड्या इतक्या दूरच्या नाहीत. फ्रेंचांचा ‘तितराचा डोळा’ इंग्रजीत नुसता ‘पक्ष्याचा डोळा’, म्हणजे ‘बर्ड्स आय’ झाला. ‘शेवरॉन’ या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ छपराचे वासे. दोन तिरकस वासे जेथे मिळतात, तो कोन. इंग्रजाने मात्र त्याच विणीत हेरिंग माशाचा काटा पाहिला. यात एक खोच आहे. शेवरॉन हा शब्द इंग्रजीतही आहे, परंतु तेथे तो अखंड नागमोडी रेषेला लावतात. हेरिंगबोनमध्ये वळणाशी रेष तुटलेली असते. ‘प्रॅंस-द-गाल’ म्हणजे वेल्सचा युवराज. हा चौकडा मूळचा स्कॉटलंडमधील ग्लेन अर्कार्ट खोऱ्याचा, तेथील जमीनदारीच्या सेवकांच्या पोशाखाचा. युवराजांनी तो अंगावर घेतला आणि फ्रेंच भाषेने खोरे विसरून युवराज तेवढा लक्षात ठेवला. नोकराचे कापड राजाच्या नावाने विकले जावे, हे व्यापाऱ्याला नवे नाही!

कोंबडी, कुत्रा, तितर, मासा, आणि बारीक ठिपक्यांच्या सुटाच्या कापडाला इंग्रजीत चक्क ‘शार्कची कातडी’ ! जीवदयेचे व्रत पाळणाऱ्या जैन व्यापाऱ्याने ही नावे निर्विकारपणे उच्चारून ताके विकले. त्या कापडात मासा नव्हता की कातडी नव्हती. होती ती मेंढीची लोकर. याच शेवटल्या कापडाला फ्रेंच ‘फिल-आ-फिल’, म्हणजे धाग्याला धागा, असे सरळ नाव देतात.

परंतु एका नावाने खरोखर फसगत होऊ शकते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात काश्मीरच्या शाली युरोपात पोहोचल्या. नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेनंतर पॅरिसमध्ये त्यांचे वेड पसरले. सम्राज्ञी जोसेफिन त्यांची मोठी शौकीन होती. फ्रेंचांनी त्या शालींवरील नक्षीलाच ‘काश्मीर’ म्हटले. स्कॉटलंडच्या पेस्ली गावातील मागांनी नक्कल केली, म्हणून इंग्रजीत तीच नक्षी ‘पेस्ली’ झाली. १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धाने फ्रेंच बाजार कोसळला आणि काश्मीरचे विणकर देशोधडीला लागले. नक्षीच्या नावात मात्र त्यांचा देश उरला. आता फ्रेंच बिलातील ‘काश्मीर’ इंग्रजीत ‘कॅशमिअर’ असे उतरविले, तर साध्या सुती कापडाचे कागदोपत्री पश्मिना होते. अमेरिकेत १९३९ च्या कायद्याने लोकरी मालावर तंतूंचे प्रमाण छापणे बंधनकारक केले. तेथे अशी चूक दंडास पात्र ठरते. रेशीम वर्ज्य मानणाऱ्या श्रावकाला तर कापडात कोणता तंतू आहे, हा आचरणाचाच प्रश्न असतो. त्या नक्षीला मराठी घरात ‘कोयरी’ म्हणतात. लुगड्याच्या पदरावर आणि कुंकवाच्या करंड्यात ती पॅरिसला न विचारता नांदत होती.

मुंबईने स्वतः नावे दिली नाहीत, असेही नाही. फ्रान्समधील नीम गावच्या ‘सर्ज-द-नीम’ या कापडावरून ‘डेनिम’ शब्द आल्याचे मानले जाते. आणि त्याचा सख्खा भाऊ शोभणारा इंग्रजी ‘डंगरी’ हा शब्द आला तो आपल्या डोंगरीवरून. तेथील जाडेभरडे सुती कापड खलाशांनी नेले, नावासकट. फ्रेंचांचे ‘फिल-आ-फिल’ही असेच भाषांतराविना येथे उतरले, आणि मुंबईच्या शर्टिंगच्या बाजारात आजही ते ‘फिलाफिल’ म्हणूनच मागितले जाते.