बारीक माणसानेही वजन उतरवायचं का?

‘शुगर’ जाड माणसांनाच होते, हा समज बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यातही आहे. मग सडपातळ शेतकऱ्याने काय करायचं? उत्तरासाठी थोडा इतिहास बघू.

1870-71 मध्ये पॅरिसला वेढा पडला, अन्न तुटलं. डॉ. बुशार्दा यांच्या लक्षात आलं, की काही मधुमेहींच्या लघवीतली साखर नाहीशी झाली. निरीक्षण होतं, कारण सापडायचं होतं.

2011 मध्ये न्यूकॅसलच्या रॉय टेलर यांनी 11 रुग्णांना 8 आठवडे रोज सुमारे 600 कॅलरींवर ठेवलं. यकृत आणि स्वादुपिंडातली चरबी उतरली, साखरही ताळ्यावर आली. 2017 च्या ‘डायरेक्ट’ चाचणीत आहारगटातल्या 46 टक्के लोकांना वर्षभराने रेमिशन मिळालं. रेमिशन म्हणजे औषध बंद करूनही किमान 3 महिने एचबीए1सी 6.5 च्या खाली. कायमचं बरं होणं नव्हे.

आता पुण्यात या. केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय 22.3. शरीरातली चरबी मात्र याज्ञिकांची 21.2 टक्के, युडकिनांची 9.1. हे 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. म्हणजे काटा फसवतो.

2023 मध्ये टेलर यांनी बीएमआय 27 पेक्षा कमी असलेले 20 रुग्ण घेतले. वजन सुमारे 10 टक्के उतरल्यावर 14 जणांना रेमिशन मिळालं. पण अभ्यास ब्रिटनमधला. आपल्या सडपातळ शेतकऱ्याने किती किलो उतरवायचे, आणि तेही स्नायू न गमावता? मित्रांनो, संशोधनाचा विषय शोधताय ना? हा घ्या. (गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणी बंद करू नका.)