मकावमधील दोन विद्यार्थी

परकी भाषा शिकावयाची तर आधी मुळाक्षरे गिरवावीत, हा आपला परिपाठ. पण ज्या भाषेला मुळाक्षरेच नाहीत, ती शिकण्यास आरंभ कोठून करावा? १५७९ साली मकाव बंदरात उतरलेल्या फादर मिकेले रुज्जिएरी यांच्यापुढे हाच प्रश्न उभा राहिला.

रुज्जिएरी कायद्याचे डॉक्टर, वय छत्तीस. चिनी वाचावयास, लिहावयास आणि बोलावयास शिका, एवढीच आज्ञा फादर वालिन्यानो यांनी मागे ठेवली होती. दोन्ही भाषा जाणणारा शिक्षक मिळेना, तेव्हा त्यांनी एका चिनी चित्रकाराला गुरू केले. तो कुंचल्याने घोडा काढी, शेजारी घोड्याचे चिन्ह लिही आणि 'मा' असा उच्चार करी. अंगणवाडीतील बालकाप्रमाणे हा विधिज्ञ त्यामागे 'मा' म्हणे. त्यातही मेख अशी की, सूर बदलला की 'मा' म्हणजे आई, ताग किंवा शिव्या देणे! आपल्याकडे 'पाणी' हा शब्द कोणत्याही सुरात उच्चारला तरी पाणीच राहतो. चिनीत सूर हाच शब्दाचा अर्धा देह आहे.

या खटाटोपाची किंमत सर्वांना कळत होती असे नव्हे. मकावमधील काही सहकाऱ्यांना हा वेळेचा अपव्यय वाटे. पोर्तुगीज वस्तीतील धर्मकार्य सोडून हा माणूस चित्रे काय पाहत बसतो? मकावमध्ये बाप्तिस्मा घेणाऱ्या चिनी माणसाने पोर्तुगीज नाव, पोर्तुगीज वेश आणि पोर्तुगीज चालरीत स्वीकारावी, अशीच तेथील रूढी होती. तेव्हा शिकावयाचे कोणी, चिनी माणसाने की धर्मगुरूने, हाच खरा वाद होता. रुज्जिएरींची चित्रांची वही त्या वादाचे उत्तर होती, असे आम्ही मानतो.

१५८२ मध्ये गोव्याहून फादर मात्तेओ रिच्ची त्यांच्या मदतीस आले. गोव्यातील रिच्चींची एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. स्थानिक विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकवू नये, अशा मताविरुद्ध १५८१ साली त्यांनी थेट रोमला येशूसंघाच्या प्रमुखांना पत्र लिहिले होते. तेव्हा ते अवघे एकोणतीस वर्षांचे होते. त्याच काळात, १५७९ च्या ऑक्टोबरात, फादर थॉमस स्टीफन्सही गोव्यास पोहोचले होते. पुढे त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले. एकाने मराठीची ओवी आत्मसात केली, तर दुसऱ्याने चिनी कुंचला हाती घेतला.

रिच्चींची स्मरणशक्ती विलक्षण होती. चार-पाचशे चिन्हे एकदा वाचून ती उलटसुलट म्हणून दाखवीत त्यांनी चिनी पंडितांना थक्क केले. तरीही चाळिशी उलटल्यावर ते पुन्हा गुरूपुढे बसले आणि कन्फ्यूशियसच्या परंपरेतील चार ग्रंथांचा अभ्यास करू लागले. १५९५ मध्ये त्यांनी मैत्रीविषयी चिनीत छोटा ग्रंथ लिहिला. १६०७ मध्ये शु ग्वांगची यांच्या साहाय्याने युक्लिडच्या भूमितीचे पहिले सहा भाग चिनीत आणले. सूर लिहून ठेवण्याच्या खुणा बसविण्यात रिच्चींचे सहकारी फादर कात्तानेओ यांच्या संगीताच्या कानाचा फार उपयोग झाला. ते काम १५९८ चे.

१५९४ मध्ये मकाव येथे संत पौलाचे महाविद्यालय उभे राहिले आणि चीनला जाणारे धर्मगुरू तेथे चिनी शिकू लागले. १८३५ च्या आगीनंतर तेथील चर्चचा दर्शनी भाग तेवढा उरला.

आणि आपले पहिले विद्यार्थी? रुज्जिएरी १५८८ मध्ये युरोपास परतले ते पुन्हा चीनला गेलेच नाहीत. १६०७ साली इटलीत सालेर्नो येथे त्यांचे निधन झाले. १९३४ साली रोममधील येशूसंघाच्या दप्तरात एक जुने हस्तलिखित सापडले. तो होता या दोघांच्या काळचा पोर्तुगीज-चिनी शब्दकोश. पहिल्या रकान्यात पोर्तुगीज शब्द, दुसऱ्यात रोमन लिपीत उच्चार, तिसऱ्यात चिनी चिन्हे. सुरांच्या खुणा त्यात नाहीत. त्या अजून सुचावयाच्या होत्या. काही पोर्तुगीज शब्दांपुढची जागा तर कोरीच आहे.