कोरडवाहू शेतकरी आणि जोखमीचा हिशेब

आमच्या ज्ञातीतील अनेक कुळांची मुळे सोलापूरकडील कोरडवाहू मुलखात आहेत. वाडवडील जुन्यालाच चिकटून राहिले, म्हणून जमीन असूनही घरी दारिद्र्य राहिले, असा आक्षेप शिकलेल्या पिढीकडून वारंवार ऐकू येतो. इतिहासाच्या कसोटीस हा आक्षेप उतरत नाही, असे आम्हांस वाटते.

या मुलखात मृगाचा पाऊस बेभरवशाचा. म्हणून भारी काळी जमीन खरिपात पडीक ठेवावी आणि उत्तरा-हस्ताची ओल धरून रब्बीची ज्वारी पेरावी, अशी वहिवाट पडली. हलक्या रानात बाजरीबरोबर तुरीचे काकर, जमिनीचे तुकडे निरनिराळ्या शिवारांत, दाणा पेवात आणि कडबा गंजीत. या सावधगिरीने सुकाळातील उत्पन्न घटे. परंतु अवर्षणात घर तगे. तो एक विमाच होता. त्याचा हप्ता दरसाल पिकातून जाई.

हप्ता चुकविणाऱ्याची गत काय होई? पीक बुडाले की कर्ज, आणि कर्ज थकले की जमीन सावकाराकडे. १८७५ साली सुपे येथे दंगा उसळून सावकारांचे कागद जाळले गेले, त्यामागे हेच दुःख होते. पाठोपाठ १८७६-७८ चा भीषण दुष्काळ आला.

१९७५ पासून इक्रिसॅट या संस्थेने शिरापूर, कलमण, कानझरा आदी गावांचा दीर्घ अभ्यास केला. हान्स बिन्सवांगर यांनी महाराष्ट्र-आंध्रातील खेड्यांत खरे पैसे पणास लावून शेतकऱ्यांची वृत्ती पारखली. रक्कम मोठी होताच गरीब व सधन दोघेही बहुधा सारखेच सावध झाले! म्हणजे भेद स्वभावात नव्हे, ऐपतीत आहे. सधनास कर्ज मिळते, तोटा सोसवतो. म्हणून तो खत व नवे बियाणे घेऊ धजतो. अल्पभूधारकास एक चूकही परवडत नाही.

१९७२ च्या दुष्काळात विस्तारलेल्या आणि १९७७ च्या कायद्याने हक्काचे रूप लाभलेल्या रोजगार हमीचे मर्म यातच आहे. पीक गेले तरी मजुरी मिळेल, ही खात्री शेतकऱ्यास धीर देते.

शहरवासी ज्ञातिबांधवांस आमची एवढीच विनंती, की गावाकडील भावास सुधारणेचा उपदेश करण्यापूर्वी त्याच्या जोखमीचा थोडा वाटा आपण उचलावा. पहिल्या वर्षीच्या बियाण्याखताचा तोटा वाटून घेणारा कोणी पाठीशी असेल, तर तो मागे राहणार नाही.